नावाला साक्ष हवी

दुकानाची पाटी वाचणारा मनुष्य केवळ अक्षरे वाचीत नाही. दुकान कोणत्या पेठेत आहे, आत कापडाचे तागे आहेत की औषधांच्या बाटल्या, हेही तो एका दृष्टिक्षेपात ध्यानी घेतो. म्हणूनच रोमन लिपीत लिहिलेले ‘साने’ हे आडनाव पाहून तो त्याचा ‘शहाणा’ असा इंग्रजी अर्थ करीत नाही. इंटरनेटवरील शोधयंत्राच्या हाती मात्र मुख्यत्वे अक्षरेच येतात. त्यांवरून विचारणाऱ्याचा हेतू त्याला ताडावयाचा असतो.

मराठी आडनावांवर हा प्रसंग विशेष ओढवतो. रोमन अक्षरांत मोरे म्हणजे इंग्रजीतील ‘अधिक’, दाते म्हणजे ‘तारीख’, माने म्हणजे ‘आयाळ’ आणि काळे म्हणजे एक पालेभाजी! बेळगाव, बडोदे, इंदूर अशा बहुभाषिक नगरांत रोमन लिपीवाचून व्यापाऱ्याचे चालत नाही. परिणामी गिऱ्हाईक दुकान शोधू जाते आणि त्याच्यासमोर भाजीची पाककृती येते.

दुसरी अडचण वेगळ्या जातीची आहे. फ्रेडरिक डॅमेरो यांनी १९६४ साली दाखवून दिले, की लेखनातील ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर गळणे, एक जास्तीचे येणे, एकाच्या जागी दुसरे पडणे, किंवा शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल होणे. आगळे नाव परिचित शब्दाहून असे एकाच अक्षराने वेगळे असले, की यंत्र त्याला लेखनदोष समजते आणि परस्पर ‘सुधारते’. अधिक प्रचलित तेच खरे, हा त्याचा सर्वसाधारण ठोकताळा होय.

हा ठोकताळा बदलू शकतो काय? अवश्य बदलू शकतो. २००४ साली छायाचित्रांसाठी निघालेल्या ‘फ्लिकर’ या संकेतस्थळाने ‘लुकलुकणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील शेवटून दुसरे अक्षर आपल्या नावातून गाळले. ‘गूगल’ हे नावही एकावर शंभर शून्ये असलेल्या संख्येच्या इंग्रजी नावावरून, स्पेलिंग बदलून, आलेले आहे. ही नावे लोकांनी इतक्या वेळा लिहिली, की त्यांस आता कोणी चूक म्हणत नाही. लहान दुकानाला एवढी प्रसिद्धी मिळणे कठीण. परंतु त्याची गरजही तेवढी मोठी नसते. आपल्या गावात व आपल्या व्यवसायात ओळख पटली म्हणजे पुरे.

त्यासाठी पहिला नियम एकरूपतेचा. पाटी, पावती, संकेतस्थळ आणि नकाशा या सर्व ठिकाणी नावाचे स्पेलिंग, पत्ता व दूरध्वनी क्रमांक एकच असावा. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ साली ‘बेळगावी’ झाले. अशा वेळी एका ठिकाणी जुने व दुसऱ्या ठिकाणी नवे रूप ठेवू नये. दुसरा नियम असा, की नाव एकटे सोडू नये. त्याला व्यवसाय आणि गाव यांची जोड द्यावी. तिसरा नियम नोंदणीचा. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. शिवाय ‘स्कीमा’ नावाची एक सर्वमान्य खूणपद्धती २०११ पासून उपलब्ध आहे. तिच्या योगे ‘हे दुकानाचे नाव, हा त्याचा पत्ता’ असे यंत्राला कळेल अशा रीतीने संकेतस्थळावर लिहून ठेवता येते.

संकेतस्थळावर देवनागरी नावही अवश्य असावे. ‘काळे’ असे लिहिले, की पालेभाजीचा संशय फिटतो. रंगाचा तेवढा उरतो, आणि तो व्यवसायाच्या उल्लेखाने दूर होतो. जाहिरातीला पैसे भरल्याने मात्र हे कार्य साधत नाही. जाहिरातीची जागा निराळी, आणि शोधाच्या स्वाभाविक क्रमातील जागा निराळी.

हे सारे केल्यावर फळ दिसावयास काही आठवडे लागू शकतात, कारण यंत्र पाने पुन्हा वाचते ते आपल्या सवडीने. तेवढ्या अवधीत धीर सोडून आजोबांच्या वेळचे नाव बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्वीकारण्याची घाई करू नये. दोष नावात नसतो. उणीव असते ती साक्षीची, आणि ती भरून काढणे दुकानदाराच्या हाती आहे.