संगणक कधी बंद पडतो, हे आधी पाहावे

घरचा संगणक वारंवार बंद पडू लागला, की तो दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणणे, म्हणजे डिस्कवरचे सर्व पुसून विंडोज नव्याने भरणे, हा उपाय सातारा-सांगलीकडे सर्रास केला जातो. दोष वीज, उष्णता किंवा धूळ यांत असेल, तर या उपायाने तो तसाच राहतो आणि घरातील छायाचित्रे व हिशेब मात्र हकनाक जातात.

निदानाचा खरा आधार बंद पडण्याची वेळ आणि रीत हाच असतो. पडद्यावर कोणताही संदेश न येता यंत्र एकाएकी विझत असेल, तर पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. घरात येणारी २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून देणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात. शेतीपंप सुरू असताना उतरणारा दाब, वळवाच्या विजा आणि नावापुरते असलेले अर्थिंग यांचा मार प्रथम तिलाच बसतो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या नोंदवहीत अशा वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद आढळते, पण तिचा अर्थ यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढाच असतो. तिलाच कारण समजून नवी एसएमपीएस विकत घेण्याची घाई करू नये.

खेळ किंवा चित्रफीत सुरू केल्यावर थोड्या वेळाने यंत्र बंद पडत असेल, तर कारण बहुधा उष्णता असते, कारण सुमारे १०० अंश सेल्सिअसला पोहोचलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र थांबवतो. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत पंख्याच्या पात्यांमागे, धातूच्या पट्ट्यांच्या फटींत, धुळीचा नमद्यासारखा थर साचतो आणि बाहेरून पुसलेला संगणक आत गुदमरत राहतो. महाबळेश्वर-पाटणकडच्या दमट हवेत रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या, सोनेरी टोकांवर मळाची साय धरते आणि त्यानेही यंत्र अडते. वायर काढून, संगणकाच्या खोक्याच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि मग ती टोके खोडरबराने हलकेच घासावीत. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहण्याची कसोटी साधी, तरी अत्यंत विश्वासार्ह आहे.

निळा पडदा येत असेल, तर त्यावरील सांकेतिक शब्द टिपून घ्यावा आणि नुकताच बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, काढून पाहावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच निळे पडले होते. यंत्रे धडधाकट होती.

हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येऊ लागली, तर मात्र तपासणीत वेळ न घालवता महत्त्वाच्या फायली प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि ती डिस्क बदलावी.