जुनं नाव दिसत राहतं तेव्हा: कॅशेविषयीचे गैरसमज

१३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करायला मंजुरी दिली. समजा, जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतली माणसं एकाच संकेतस्थळावर लिहितात. जामखेडच्या लेखिकेने चौंडी गावावरच्या आपल्या लेखाच्या शीर्षकात नवं नाव घातलं, तरी अकोले तालुक्यातल्या वाचकाला जुनंच दिसतं. असं का होतं?

गैरसमज : जुनं दिसतंय, म्हणजे दुरुस्ती जतन झाली नाही.
वस्तुस्थिती : पान दर वेळी नव्याने जुळवायला वेळ लागतो. म्हणून सर्व्हर तयार पानाची प्रत ठेवतो आणि मागेल त्याला तीच देतो. हा साठा म्हणजे कॅशे. दुरुस्ती डेटाबेसमध्ये झालेली असते, वाचकाला मिळते ती आधीची प्रत.

गैरसमज : सगळं कॅशे साफ करणं हाच खात्रीचा उपाय.
वस्तुस्थिती : एका चारीतला गाळ काढायला कुणी मुळा धरण रिकामं करत नाही. एका लेखासाठी सगळ्यांच्या प्रती पुसल्या, तर राहुरी, पाथर्डी, श्रीगोंद्याच्या लेखकांची न बदललेली पानंही पुन्हा जुळवावी लागतात. गर्दीच्या वेळी हा भार एकदम येऊन सर्व्हर मंदावतो, कधी बंदही पडतो. त्याचा त्रास ज्यांनी काहीच बदललं नाही त्यांना होतो.

गैरसमज : मग फक्त तो लेख साफ केला की झालं.
वस्तुस्थिती : तेच शीर्षक मुखपृष्ठावर, लेखिकेच्या लेखांच्या यादीत, विषयाच्या पानावर आणि फीडमध्येही असतं. त्या प्रतीही काढाव्या लागतात. यासाठी साठवताना प्रत्येक प्रतीला खुणेची चिठ्ठी, म्हणजे टॅग, लावतात: कोणता लेख, कोणता लेखक, कोणता विषय. लेख बदलला की त्याची खूण असलेल्या प्रती तेवढ्या निघतात.

गैरसमज : सर्व्हरवरची प्रत काढली की वाचकाकडचीही गेली.
वस्तुस्थिती : वाचकाच्या ब्राउझरमधल्या प्रतीपर्यंत सर्व्हरचा हात पोचत नाही. पानासोबत ‘मॅक्स-एज’ ३६०० अशी सूचना गेली असेल, तर ब्राउझर ती प्रत ३६०० सेकंद, म्हणजे तासभर, न विचारता दाखवू शकतो. बदलणाऱ्या पानांची ही मुदत कमी ठेवावी.

गैरसमज : ‘नो-कॅशे’ म्हणजे साठवूच नका.
वस्तुस्थिती : त्याचा अर्थ, साठवा, पण दाखवण्यापूर्वी सर्व्हरला विचारा. साठवूच नये यासाठी ‘नो-स्टोअर’ ही सूचना असते. लॉगिननंतरची खासगी पानं सामायिक कॅशेत जाताच कामा नयेत, नाहीतर एकाचा मसुदा दुसऱ्याच्या पडद्यावर उघडेल.

अनेकांच्या सामायिक जागेत एकाची दुरुस्ती इतरांना जाचू नये. त्यासाठी कोणतं पान कोणत्या लेखावर उभं आहे, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. ती असेल, तर चौंडीवरच्या लेखातलं नाव सगळीकडे बदलेल आणि शेजारच्या लेखकाच्या पानाला धक्काही लागणार नाही.