गाडीवरची गाडी

खेडेगावात सुगीच्या दिवसांत बैलगाडी भरताना तुम्ही कधी उभे राहून पाहिले आहे काय? जाणता गाडीवान पोती कशीही रचू देत नाही. दोन पोती पुढे, एक मागे, पुन्हा एक पुढे, असे करीत तो मधून मधून जू हाताने उचलून पाहतो. भार मागे अधिक झाला, तर गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला खालून आवळतात. अशा गाडीला 'उलाळ' झालेली गाडी म्हणतात. उलट भार फारच पुढे आला, तर जू बैलांच्या मानेवर रुतते. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे ठेवावयाचा, म्हणजे जू मानेवर हलकेच टेकून राहते. ही विद्या गाडीवानाने शाळेत घेतलेली नसते. आम्ही मात्र ती शाळेत न शिकता आणि गाडीवानाकडूनही न शिकता प्रवासाला निघालो, त्याची ही हकीकत आहे.

काही वर्षांपूर्वी वाईतील आमच्या एका शेजाऱ्याने आपली जुनी मोटार पुण्यास दुरुस्तीला नेण्याचे ठरविले. मोटार होती फियाट ११००. १९५० च्या दशकात मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही मोटार तयार होऊ लागली. तिच्या गुबगुबीत आकारामुळे लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' असे नाव दिले होते. पण आमच्या शेजाऱ्यासमोर तो शब्द उच्चारण्याची सोय नव्हती! मोटार वडिलांची, म्हणून तिच्यावर त्यांचा फार जीव. ती चालत नव्हती. तेव्हा एक ट्रेलर, म्हणजे दुसऱ्या वाहनाने मागून ओढावयाची चाकांची चौकट, भाड्याने आणला आणि एक जीप ठरविली.

मोटार पडवीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. ट्रेलर पाठीमागून पडवीपर्यंत आणला, फळ्या लावल्या आणि मोटार होती तशीच, पाठमोरी, वर ओढून घेतली. वळवून घेण्याचा खटाटोप कोण करतो? सुती दोरखंडाने पुढचा व मागचा बंपर चौकटीला बांधला. शेजाऱ्यांचा बारा वर्षांचा मुलगा मोटारीत बसण्यासाठी हट्ट धरून बसला होता. जीपच्या चालकाने त्याला साफ नकार दिला. ओढून नेल्या जाणाऱ्या वाहनात माणूस बसवावयाचा नाही, एवढे तो कटाक्षाने पाळीत असे. मुलगा रडत रडत जीपमध्ये आमच्याजवळ येऊन बसला.

निघताना वाटेवर एक म्हातारा गाडीवान उभा होता. त्याने ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि तो मला म्हणाला, "गुरुजी, गाडी उलाळ झालीया. जरा पुढं दाबून घ्या." ट्रेलर आणि बैलगाडी यांचा काय संबंध, असे म्हणून सारे हसले. त्या हसणाऱ्यांत मीही होतो.

सपाट रस्त्यावर काही जाणवले नाही. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि उतार लागला. जीपचा वेग थोडा वाढला, तोच मागून कोणीतरी जीपची शेपटी धरून डावीकडे, मग उजवीकडे ओढीत आहे असे वाटू लागले. वळून पाहतो, तो ट्रेलर मोटारीसह डुलत होता आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्याहून मोठा होता. पलीकडून ट्रक धावत होते. मुलाने माझा हात घट्ट धरला. सुदैवाने चालक अनुभवी होता. त्याने एकदम ब्रेक दाबला नाही. त्याने वेग वाढविणाऱ्या पट्टीवरचा पाय काढून घेतला, चक्र दोन्ही हातांनी सरळ धरले आणि जीपला आपोआप मंद होऊ दिले. झोके कमी कमी होत थांबले. उतार संपल्यावर एका पेट्रोल पंपाच्या आवारात आम्ही उतरलो, तेव्हा कोणाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता.

आमची चूक कोठे झाली होती? फियाटचे इंजिन पुढच्या भागात असते. मोटार पाठमोरी चढविल्यामुळे तिचे सर्वांत जड अंग ट्रेलरच्या आसामागे गेले होते. म्हणजे गाडी उलाळ झाली होती, आणि गाडीवानाचे म्हणणे शब्दशः खरे होते.

हे असे का व्हावे, हे समजण्यासाठी बाण आठवा. बाणाचे टोक जड असते आणि पिसे मागे असतात. बाण किंचित तिरपा झाला, तर मागची पिसे हवेच्या रोधाने त्याला पुन्हा सरळ करतात. ट्रेलरचेही तसेच आहे. वजन आसाच्या पुढे असले, तर मागे असलेली चाके त्याला ओळीत आणतात. वजन आसाच्या मागे गेले, तर एकदा बाहेर झुकलेला मागचा भाग आणखी बाहेर जाऊ पाहतो, आणि वेग जितका अधिक तितका हा हट्ट अधिक. काडेपेटीला दोन चाके लावून ती टाचणीने खेळण्यातल्या मोटारीला जोडा आणि उतरत्या फळीवरून सोडा. पेटीत एक जड नाणे आधी पुढे व मग मागे ठेवून, दोन्ही वेळा पेटीला बाजूने हलकी टिचकी मारा. फरक डोळ्यांनी दिसेल.

सर्वसाधारण हिशेब असा, की ट्रेलर व त्यावरील ओझे मिळून जे वजन होते, त्याचा सुमारे दहावा भाग किंवा थोडा अधिक ओढणाऱ्या वाहनाच्या आकड्यावर यावा. मोटार ९०० किलो आणि ट्रेलर ४०० किलो धरला, तर आकड्यावर १३० किलोंच्या आसपास भार हवा. फार अधिकही नको. नाही तर जीपची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि वळण घेणे कठीण जाते. बैलाच्या मानेवर रुतणारे जू ते हेच.

आता बांधण्याविषयी. धावती बस एकाएकी थांबली की उभे असलेले लोक पुढे कलंडतात, हे तुम्ही अनुभवले असेल. बस थांबली तरी माणसाचे शरीर आपला वेग सोडावयास तयार नसते. यालाच जडत्व म्हणतात. ट्रेलरवरील मोटारीलाही जडत्व आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी जीप २० मीटरांत थांबली, तर ९०० किलो वजनाची मोटार सुमारे ६४० किलो वजनाइतक्या जोराने पुढे जाऊ पाहते. वळणावर हाच जोर बाजूला लागतो, चढावर मागे लागतो, आणि खड्डा आला की मोटार वर उडू पाहते. एवढ्या चारी दिशांच्या ओढीपुढे आमचे सुती दोरखंड म्हणजे केवळ समाधान होते.

बंपरला बांधणे ही तर दुहेरी चूक. बंपर हा काही मोटारीचा सांगाडा नव्हे; तो उपटून निघू शकतो. शिवाय मोटारीचे अंग स्प्रिंगांवर तोललेले असते. रस्त्यावर ते खालीवर होते, खाली गेले की दोर सैल पडतो, वर आले की त्याला हिसका बसतो. असे शेकडो हिसके बसल्यावर कोणती गाठ टिकणार? म्हणून शहाणे लोक मोटारीचे अंग न बांधता चाकेच बांधतात. चाके स्प्रिंगांच्या खाली असतात, त्यामुळे अंग हलले तरी पट्टा ताणलेलाच राहतो. पट्टे मजबूत कृत्रिम धाग्यांचे असतात आणि ते ताणण्यासाठी दातेरी खटका असतो, त्याला कारागीर रॅचेट म्हणतात. चार चाकांना चार पट्टे हवेत. एक तुटला तरी बाकीचे भार सांभाळतात. पट्टा किती भार सुरक्षितपणे सोसतो, हे त्यावर छापलेले असते. त्याला गाठ मारू नये, कारण गाठीने त्याचे बळ बरेच घटते, आणि धारदार कडेवरून तो न्यावयाचाच असेल तर मध्ये चामड्याचा तुकडा घालावा. याशिवाय हातब्रेक ओढावा आणि चाकांपुढे व मागे लाकडी पाचरी ठोकाव्यात.

आकड्याखाली दोन साखळ्या असतात. त्या सरळ न लावता एकमेकींवरून तिरप्या घेतात. पाहणाऱ्यास हे उगाच वाटेल. परंतु आकडा कधी निसटला, तर ट्रेलरची दांडी रस्त्यावर न आपटता या फुलीच्या झोळीत पडते आणि ट्रेलर मोकाट सुटत नाही.

पंपाच्या आवारात आम्ही फळ्या लावल्या. जीप जोडलेलीच ठेवली होती, आणि चालकाने ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली लाकडी ठोकळे दिले. नाही तर मोटार मागच्या टोकावर येताच ट्रेलरचे तोंड वर उचलले गेले असते. मोटार खाली घेऊन वळविली आणि इंजिन पुढे करून पुन्हा चढविली. पट्टे मिळविण्यात दोन तास गेले. शेजाऱ्यांनी कुरकुर केली नाही.

त्यानंतर ट्रेलर शांतपणे मागून येत राहिला. दहाएक किलोमीटर गेल्यावर चालकाने जीप पुन्हा बाजूस घेतली. आम्ही घाबरलो, पण तो फक्त पट्टे तपासावयास उतरला होता. चाके आपल्या जागी बसली की पट्टे थोडे सैलावतात, असे तो म्हणाला. अमेरिकेत मालवाहू वाहनांच्या चालकांवर तर पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत बांधणी पुन्हा तपासण्याचे बंधनच आहे. मुलगाही खाली उतरला आणि त्याने एकेक पट्टा बोटाने दाबून पाहिला. मागचा डावा पट्टा सैल निघाला. चालकाने खटका त्याच्याच हाती दिला, आणि त्याने तो तीन दाते ओढून घट्ट केला.