बेटावरचा नाताळ आणि नवा वसईकर

नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड वसई-विरारमध्ये, अशी ओढाताण पत्करलेल्या असंख्य कुटुंबांना येथील पहिला नाताळ हा एक सुखद धक्का असतो. गणपती आणि दिवाळी ती जुन्या चाळीतून बरोबर घेऊन आलेली असतात; नाताळ मात्र त्यांना या भूमीकडून मिळतो. शाळांना सुट्टी लागते, हवेत गारवा येतो आणि गास, गिरीज, पापडी, निर्मळ या गावांतील घरांवर कागदी चांदण्या झळकू लागतात. अंगणात बाळ येशूचा गोठा सजतो. २४ डिसेंबरच्या रात्री चर्चची आवारे फुलून जातात आणि उपासना व गीते शुद्ध मराठीत चाललेली ऐकून नवागत चकित होतो.

हा चकितपणा तेथेच न थांबता जिज्ञासेत उतरला, तर पुष्कळ काही हाती लागते. येथील सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण एकच बोली बोलतात. धर्म बदलला तरी भाषा तुटली नाही. सामवेदी ख्रिस्ती वृद्धांच्या अंगावरील लाल लुगडे याच सातत्याची साक्ष देते. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे याच परंपरेचे फळ होय.

परंतु आपण ज्या भूमीवर हा सण पाहतो आहोत ती कशी आहे, हा प्रश्न नवागताच्या मनात क्वचितच उद्भवतो. भाईंदर सोडल्यावर लोकल खाडीवरील पुलावर चढते, मध्ये पाणजू बेट लागते, पुन्हा पूल येतो आणि मग नायगाव. एवढे पाणी रोज ओलांडूनही आपण बेटावर उतरतो आहोत असे कोणास वाटत नाही. वस्तुतः पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी यांनी वेढलेली वसईची किनारपट्टी हे एके काळी बेटच होते. प्राचीन शूर्पारक बंदराचा उत्कर्ष याच जलमार्गांवर झाला.

जुन्या वसईकराने या पाण्याशी जुळवून घेतले. त्याने वाडीत बावखले राखली. पावसाचे पाणी या तळ्यांत साठे, मुरे आणि विहिरींना गोडे पाणी पुरवी. केळी, पानवेल आणि फुले यांच्या बागा त्यावर पोसल्या. खाडीलगतची सखल जमीन आणि मिठागरे भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेत. जेथे पाणी थांबते तेथे घर बांधू नये, हे शहाणपण येथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले.

नंतरच्या दशकांत हे शहाणपण मागे पडले. सखल जमिनीवर भराव पडले, अनेक बावखले बुजली, नाले आक्रसले. २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली दिसली. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल ठप्प झाल्या आणि मिठागरांच्या वस्तीत माणसे अडकून पडली. डिसेंबरात विसरलेले बेट जुलैत असे परत येते.

याचा दोष नवागताच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मुंबईने त्याला परवडणारे घर दिले नाही, म्हणून तो खाडी ओलांडून आला. भराव त्याने घातला नाही. उलट पाणी शिरते ते बहुधा त्याच्याच तळमजल्यात. त्याला ‘उपरा’ म्हणून हिणवणाऱ्यांनीही आठवावे की या किनाऱ्यावर येणाऱ्यांची रीघ फार जुनी आहे. व्यापारी आले, पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांची फौज आली. प्रश्न कोण केव्हा आला हा नसून, आल्यावर कोणत्या नात्याने राहिला हा आहे.

आज बहुतेकांचे नाते गिऱ्हाइकाचे आहे. सुट्टीत अर्नाळा, राजोडी, कळंबचा किनारा गाठावा, खावे-प्यावे, चांदण्यांची छायाचित्रे काढावीत आणि परतावे, एवढ्यात सण संपतो. ज्याला येथेच राहावयाचे आहे त्याने पाहुण्यासारखे वागणे परवडणारे नाही. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाने दिलेले फराळाचे ताट दिवाळीच्या ताटाची परतफेड म्हणून न स्वीकारता, त्या अंगणात घटकाभर बसावे. वाडीतील म्हाताऱ्यांना विचारावे की आपली इमारत उभी आहे तेथे पूर्वी काय होते, पाणी कोठून येई आणि कोणत्या वाटेने खाडीला मिळे. शिक्षकांनी मुलांना सुट्टीत एखादे शिल्लक बावखल दाखवावे आणि त्याचा नकाशा काढावयास सांगावे. ही माहिती कोणत्याही सदनिकेच्या कागदपत्रांत मिळत नाही, आणि तीवाचून महापालिकेला जाब विचारता येत नाही.

बागाईतदार आज संख्येने थोडे आहेत. मतपेटीत वजन नव्या वसईकराचे आहे. उरलेली बावखले आणि नाले राहतील की जातील, याचा निर्णय म्हणूनच बव्हंशी त्याच्या हाती आहे. ते राखणे हा जुन्यांवर उपकार नव्हे. येत्या जुलैत स्वतःचा उंबरठा कोरडा राहावा, याचीच ती तजवीज आहे.