पाळीच्या तारखेपासून पुढे

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून लग्न झालेल्या बायकांच्या घरी दर महिन्याला कार्यकर्ती यायची आणि पाळीची तारीख टिपून न्यायची. दिवस राहिले तर ते नेमके कधी, हे कळावं म्हणून. अभ्यास केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा. प्रौढपणीच्या हृदयविकाराची मुळं आईच्या पोटात असतात, असं साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर सांगत होते. पण त्यांना जुन्या नोंदींवर भागवावं लागलं. इथे गर्भ राहायच्या आधीच वही उघडली.

बाळं जन्मली सरासरी २.७ किलोंची, विलायतेतली साडेतीनची. अंगात काही नाही, असंच कोणतीही आजी म्हणाली असती. खवाट्याखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरून मोजली, तेव्हा निराळंच दिसलं. स्नायू बेताचे, चरबी मात्र जवळपास विलायती बाळाइतकी. याज्ञिकांनी पुढे स्वतःलाच पुरावा केलं. २००४ च्या ‘लॅन्सेट’मधल्या फोटोत ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक धागा लागला. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला सर्वाधिक विरोध. बी-१२ येतं दूध-अंडी-मांसातून, आणि तेच ताटात कमी. लोह-फॉलिक अॅसिडची, म्हणजे फोलेटची, सरकारी गोळी मात्र देशभर गरोदर बाईला मिळते. गोळी वाईट नाही. माझ्या मते ती एकटी आहे, ही अडचण.

अठराव्या वर्षी ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाल्या, तेही बहुतेक सडपातळ. त्यांची साखर सहाव्या वर्षीही इतरांपेक्षा चढीच होती. शहाणपणाचं श्रेय डॉक्टरांना द्यावं, चिकाटीचं गावांना: जन्मलेल्या सुमारे साडेसातशेंपैकी सहाशेंवर पोरं तेव्हाही तपासणीला आली. शिक्षण, नोकरी, लग्न यांत पांगायच्या वयात!

२०१२ मध्ये याच मुलामुलींपैकी काहींना बी-१२ च्या गोळ्या सुरू झाल्या, रोज २ मायक्रोग्रॅम. त्यांतल्या मुलींना पुढे मुलं झाली, आता त्या मुलांच्या नोंदी चालू आहेत.