वर्धेचा कापूस आणि गोदावरीचा जलमार्ग

वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणारी वर्धा नदी पुढे वैनगंगेस मिळते आणि प्राणहिता हे नाव धारण करून सिरोंचानजीक गोदावरीत विलीन होते. हिंगणघाटच्या बाजारातील कापूस याच प्रवाहातून नावांनी थेट पूर्व समुद्रापर्यंत न्यावा, अशी योजना एकोणिसाव्या शतकात आखली गेली होती. तिची कहाणी आजही उद्‌बोधक आहे.

हिंगणघाटचा कापूस तेव्हा दूरवर नावाजलेला होता. परंतु रेल्वे नव्हती. बैलांच्या पाठीवर लादून तो शेकडो मैल दूर गंगाकाठच्या मिर्झापुरास न्यावा लागे. गोदावरीवर धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधून तेथील त्रिभुज प्रदेशास कालवे देणारे अभियंता सर आर्थर कॉटन यांनी नदीचा वरचा भागही नौकानयनास योग्य करावा, असा आग्रह धरला. १८६० च्या तहान्वये निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील प्रदेश इंग्रजांस दिला व नदीवरील वाहतूक जकातमुक्त झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होऊन हिंदी कापसाची मागणी एकाएकी वाढली आणि योजनेस वेग आला.

मार्गात खडकाळ पात्राचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. यांपैकी शेवटचे ठिकाण आज गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यात आहे. अशा ठिकाणी नदीवर बंधारा घालावयाचा, बाजूने कालवा काढावयाचा आणि पाण्याच्या पातळीतील फरक जलपाशांनी ओलांडावयाचा, अशी पद्धत होती. जलपाश म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला बांधीव हौद. खालून आलेली नाव आत घेऊन मागचा दरवाजा बंद करतात व वरच्या बाजूचे पाणी हौदात सोडतात. पाण्याबरोबर नाव उचलली जाते, पातळी सारखी झाली की पुढचा दरवाजा उघडतात. नाव वर चढविण्याचे काम पाणीच करते.

दुम्मागुडेमचा बंधारा उभा राहिला. परंतु पुढील कामे तडीस गेली नाहीत. १८६७ साली पुलगाव, वर्धा या मार्गाने रेल्वे नागपुरास पोहोचली. मुंबईचे बंदर बारमाही जवळ आले. नदीचे पाणी मात्र उन्हाळ्यात आटत असे, तेव्हा बंधारे व कालवे होऊनही वाहतूक हंगामीच राहिली असती. अखेर १८७१ साली योजना सोडून देण्यात आली.

हा मार्ग आज मोटारीने पाहता येतो. वर्ध्याहून चंद्रपूर, आलापल्लीमार्गे सिरोंचास जावे. तेथे प्राणहिता व गोदावरीचा संगम दिसतो. पूल ओलांडून तेलंगणात शिरल्यावर पुढे दुम्मागुडेम व भद्राचलम गाठता येते. त्याखाली राजमहेंद्रीच्या पुढील त्रिभुज प्रदेशात जुन्या कालव्यांवरील जलपाश पाहावयास मिळतात. पावसाळ्यात नदीकाठ टाळावा; थंडीचे दिवस प्रवासास उत्तम.

या जुन्या कहाणीचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले असून त्यांत वैनगंगा-प्राणहितेचाही समावेश आहे. असा मार्ग प्रत्यक्षात यावयाचा तर उन्हाळ्यात पात्रात पाणी किती उरते, खडक कोठे आहेत, माल कोणता व किती मिळेल आणि रेल्वे व रस्त्याच्या तुलनेत भाडे किती पडेल, हेच जुने प्रश्न पुन्हा विचारावे लागतील. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी आपल्या घाटांच्या व उतारांच्या आठवणी वृद्धांकडून टिपून ठेवाव्यात, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून उन्हाळी पातळीची नोंद करवून घ्यावी. नदीची अशी ओळख असलेले गावच तिच्यावरील पुढच्या योजनेसंबंधी जाणतेपणाने बोलू शकेल.