कर्बाचें वंगण आणि ट्रॅक्टरचा ब्रेक

बैलगाडीच्या कण्यास वंगण घालण्याचें काम लहानपणीं ज्यांनीं केलें असेल, त्यांस घर्षण म्हणजे काय हें वेगळें सांगावयास नको. कोरड्या कण्याचा भार अखेर बैलांच्या मानेवर पडे. जगांत खर्च होणाऱ्या एकंदर ऊर्जेचा सुमारें पांचवा हिस्सा केवळ घर्षणावर मात करण्यांत जातो, असा अंदाज होल्मबर्ग व एर्देमीर या शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं मांडला.

यावर उपाय म्हणून कर्बाच्या अतिसूक्ष्म रूपांचा सध्यां बराच गवगवा आहे. नॅनो हा शब्द युरियाच्या बाटलीनें आपल्या परिचयाचा केलाच आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. शिसपेन्सिलींत शिसें नसून ग्रॅफाईट असतें, व तो कर्बच होय. विड्याच्या पानांच्या चवडीप्रमाणें त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. त्यांतील एकच थर, म्हणजे ग्राफीन, गाइम व नोवोसेलोव्ह यांनीं मँचेस्टर येथें २००४ सालीं वेगळा केला व २०१० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें २०१५ सालीं अमेरिकेंतील अरगॉन प्रयोगशाळेंत हें ग्राफीन हिऱ्याच्या सूक्ष्म कणांभोंवतीं गुंडाळलें जाऊन घर्षणांक सुमारें ०.००४ पर्यंत उतरला; म्हणजे हजार किलोचा भार सरकविण्यास चार किलोचा जोर पुरे! मात्र हें कोरड्या नत्रवायूंत घडलें. दमट हवेंत तो गुण टिकला नाहीं. (गंमत अशी कीं, साध्या ग्रॅफाईटला उलट थोडी आर्द्रता लागतेच.) आपलें यंत्र तर धूळ, चिखल व दंव यांत राबतें.

हें लिहिण्याचें कारण असें. माझ्या पुतण्यानें एका विक्रेत्याकडून ग्राफीन घातलेल्या काळ्या तेलाची बाटली आणली. कोणत्याही तेलांत ओता, असें तो सांगे. आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलांत बुडालेले आहेत, व तेंच तेल गिअरपेटीस व हायड्रॉलिकसही पुरतें. चाक थांबतें तें घर्षणानेंच. म्हणून अशा तेलांत ब्रेकच्या चकत्या धरून राहतील इतकें घर्षण मुद्दाम राखलेलें असतें. तें घटलें, आणि मागें उसानें भरलेली ट्रॉली उतारावर असली, तर काय होईल? मेस्त्रीनें बाटली हातांतून काढून घेतली. "भाऊसाहेब, ज्यानं धरायचं त्यालाच बुळबुळीत करता व्हय?"

इंजिनाची गोष्ट निराळी. पण तेथेंही सूक्ष्म कण तेलांत तरंगत राहिले पाहिजेत, गोळे होऊन तळाशीं बसले तर उपयोग नाहीं. डिझेल इंजिनाचें तेल काळें पडतें तेंही कर्बाच्याच काजळीनें, पण ती साचली कीं तेल दाट होतें व भाग झिजतात. तेव्हां काळें तें सर्व वंगण, असें समजूं नये. यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेल घालावें व तें वेळेवर बदलावें.

ग्रॅफाईटचा खरा उपयोग पेरणीच्या वेळीं दिसतो. कांहीं टोकण यंत्रांत बियाण्याबरोबर त्याची कोरडी पूड मिसळण्याची रीत आहे. बी मोकळें घरंगळतें व भागांची झीज कमी होते. तेथें तेल लावल्यास धुळीचा लगदा होतो.

बाटली आमच्या कोनाड्यांत पडून आहे. तिचे दोन थेंब दाराच्या बिजागरीस घातले. कुरकुर थांबली, पण ती खोबरेलानेंही थांबली असती.